अनेक साहित्यं, एक घर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फरशी, दगड, लाकूड, लोखंड आणि रंग यांचा घराच्या आत मेळ कसा घालायचा, यावर बेळगाव परिसरातून जे प्रश्न सारखे येतात ते इथं एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाव मुद्दामच लिहिलेले नाहीत. ते हंगामागणिक बदलतात, आणि बेळगावातला भाव निपाणीत लागू पडतोच असं नाही.

१. सगळ्या घरात एकच टाईल घातली की घर आपोआप एकसंध दिसतं. मग हा खटाटोप कशाला?

भाड्यानं द्यायचं घर असेल तर खरंच नको. एक टाईल घाला, पांढरा रंग मारा आणि मोकळे व्हा.

स्वतः राहायच्या घरात मात्र टाईल एक घातली तरी साहित्य एक राहत नाही. ओट्याला ग्रॅनाइट येतो, दाराला सागवान, खिडकीला अॅल्युमिनियम, जिन्याला स्टील, न्हाणीत वेगळी टाईल, देवघरात संगमरवर. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दुकानात, वेगळ्या दिवशी, बहुतेक वेळा घरातल्या वेगळ्या माणसानं निवडलेली असते. घर विस्कळीत दिसतं ते साहित्य जास्त झालं म्हणून नव्हे. दोन साहित्यं कुठं आणि कशी भेटणार हे कुणीच ठरवलेलं नसतं, म्हणून ते तसं दिसतं. या पानावरचं सगळ्यात लांब उत्तर त्यामुळंच प्रश्न ५ चं आहे.

२. मग किती प्रकारचं साहित्य चालेल?

मोठ्या पृष्ठभागांना, म्हणजे जमीन, भिंत आणि लाकूडकाम यांना, मिळून तीन. त्यांच्या जोडीला एखादा धातू. त्यातलं एक साहित्य ठळकपणे जास्त असावं. तिन्ही सारख्या प्रमाणात आली की नजर कुठंच ठरत नाही. जे साहित्य निवडाल ते घरात निदान दोन ठिकाणी दिसू द्या. सोप्यातल्या (पुढच्या खोलीतल्या) एकाच भिंतीला दगडी टाईल लावली आणि नंतर तो दगड घरभर कुठंच भेटला नाही, तर ती भिंत शोरूमवाल्याची वाटते, तुमची नाही.

फिनिश हेही साहित्यच धरा. एकच ग्रॅनाइट ओट्यावर चकचकीत, पायरीवर फ्लेम केलेला (आगीच्या झोतानं खरबरीत केलेला) आणि भिंतीवर लेदर फिनिशमध्ये (चामड्यासारख्या मंद पोताचा) वापरला तर वेगळेपण येतं, पण रंगाचं नातं सुटत नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे १२०४ सालचं जैन मंदिर, या नजरेनं एकदा पाहून या. घोटलेले खांब आणि वर कोरलेलं कमळ, सगळं दगडातच. फरक हाताच्या कामाचा आहे.

३. आपल्या भागात जवळपास काय काय मिळतं? सगळं गुजरातच्या मोरबीहूनच आणायचं का?

टाईल बहुधा मोरबीचीच येणार, त्याला इलाज नाही. पण बाकीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. दख्खनचा काळा दगड, पश्चिमेला गेलं की जांभा, आणि गोकाकच्या बाजूला वाळूचा दगड हे तिन्ही आपल्या भोवतीच आहेत. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. लाल ग्रॅनाइट बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचा. साड्यांचं इरकल तेच. कडप्पा आंध्रातून येतो आणि कोटा राजस्थानातून, पण दोन्ही इतकी वर्षं वापरात आहेत की आता ते परके वाटत नाहीत.

लाकडासाठी दांडेलीकडं वनखात्याच्या डेपोत लिलाव होतात. सागवानाखेरीज ऐन, शिसम, फणस यांचाही विचार करा. फणसाचं पिवळं लाकूड काही वर्षांत तपकिरी होतं आणि देवघराला फार शोभतं. चंदगड किंवा गोव्याकडून हद्द ओलांडून लाकूड आणणार असाल तर बिल आणि वाहतूक परवाना हातात असल्याशिवाय गाडी भरू नका.

खानापूरला माती चांगली आणि कुंभारकाम जुनं, त्यामुळं विटा, कौलं आणि टेराकोटाचं काम तिथं मिळतं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, आहेत. जिन्याचे गज, ब्रॅकेट, झडपेची मूठ असं थोडं बिडाचं काम ओतून घ्यायचं असेल तर दूर जावं लागत नाही. नग कमी असले की मोठे कारखाने नाही म्हणतात, छोटे तयार होतात. पॅटर्नचा (साचा करायच्या नमुन्याचा) खर्च मात्र तुमच्या माथी येतो, म्हणून एकच नमुना घरभर वापरा. एकसंधपणा तिथंच फुकटात मिळतो.

४. जांबोटीकडं घर बांधायलोय. अथणीच्या पाव्हण्यांनी जे वापरलं तेच आम्ही वापरलं तर?

तसं करू नका. जांबोटी-कणकुंबीला पावसाळाभर हवा ओली असते. अथणीत ऊन आणि कोरडी हवा जास्त. पश्चिमेकडं लाकूड फुगतं, एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) कडा उमलतात, जिप्समच्या छताला बुरशी धरते. तिकडं दगड, जांभा, चुना, पावडर कोटिंग केलेला धातू आणि घन लाकूड यांवर भर द्या. दाराच्या फळीला चौकटीत सूतभर (इंचाचा आठवा भाग) जागा ठेवा. पूर्वेकडं अडचण उलटी. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पॅनेलच्या फटी दिसू लागतात. तिथं फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवावी, डिंकानं पक्की करू नये.

दोन्हीकडं एक नियम सारखा: लाकूड बसवण्याआधी ते त्या घरात काही आठवडे ठेवा. पावसाळ्यात आणलेलं, नीट न वाळलेलं सागवान गणपतीच्या आत बसवायची घाई केली की फेब्रुवारीत सुताराला परत बोलवावं लागतं.

५. हॉलला शहाबादी, बेडरूमला टाईल, स्वयंपाकघरात कोटा. तिन्ही एकमेकींना जोडायच्या कशा?

आधी जाडीचा हिशोब. शहाबादी २५ ते ४० मिमी, कोटा साधारण २० ते २५ मिमी, विट्रिफाईड टाईल ९ ते १० मिमी. खालचा माल सगळीकडं सारख्या जाडीचा टाकला तर वर तीन वेगळ्या लेव्हली येतात आणि दारादारात ठेच लागते. म्हणून तयार जमिनीची लेव्हल आधी ठरवा, पाण्याची नळी लावून सगळ्या भिंतींवर खुणा करा आणि प्रत्येक खोलीत खालचा थर त्या हिशोबानं कमीजास्त करा. हे काम फरशी उतरण्याआधीचं आहे. फरशी आल्यावर मेस्त्री ‘थोडं उतार धरून घेतो’ म्हणतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरं, सांधा कुठं पडणार. दार बंद असताना प्रत्येक खोलीतून फक्त तिचीच फरशी दिसायला हवी, म्हणजे सांधा दाराच्या फळीच्या बरोबर खाली यायला हवा. उघड्या जागेत, म्हणजे हॉल आणि जेवणाची जागा सलग असेल तिथं, सांधा खांबाच्या कडेला, बीमच्या खाली किंवा खिडकीच्या चौकटीच्या रेषेत घ्या. खोलीच्या मधेच कुठंतरी फरशी बदलली तर माल संपला होता असंच वाटतं.

तिसरं, सांध्यात काय. आमच्या मते तीनच पर्याय धड आहेत. समान लेव्हलला पितळेची किंवा अॅल्युमिनियमची बारीक टी-पट्टी. नाहीतर दोन्ही फरश्यांहून वेगळ्या दगडाचा चार इंची पट्टा. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट इथं उत्तम, आणि तोच पट्टा मग खिडकीच्या पाटालाही वापरता येतो. तिसरा म्हणजे ठरवून केलेली पायरी, आणि ती निदान पाच-सहा इंचाची. अर्ध्या इंचाची पायरी पायरी नसते, ती म्हाताऱ्या माणसासाठी सापळा असतो.

शेवटी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी. जमीन तीन प्रकारची असली तरी स्कर्टिंग एकाच साहित्याचं, एकाच उंचीचं, घरभर सलग ठेवा. दारांच्या वरच्या कडेची रेषाही तशीच: दार, खिडकी, कपाट, सगळ्यांचा माथा सात फुटांवर आला की भिंतीवर कितीही प्रकार असले तरी घर शांत वाटतं. यात पैसा जवळजवळ लागत नाही. फक्त सुतार येण्याआधी ठरवावं लागतं.

६. हॉलमधली एक भिंत जांभ्याची उघडी ठेवायची आहे. पावडर पडते म्हणतात, खरं काय?

पडते. जांभा सच्छिद्र आहे. ताजा काढलेला मऊ असतो आणि हवेत हळूहळू घट्ट होतो. आतल्या भिंतीला मशीननं कापलेले चिरे वापरा, सांधे चुन्याच्या किंवा रंग मिसळलेल्या मालानं जांभ्याच्याच रंगात भरा, आणि वर श्वास घेऊ देणारं पारदर्शक सीलर मारा. चकचकीत व्हार्निश नको. त्यानं दगड ओला दिसतो, आणि आतली ओल अडली की थर पापुद्र्यानं सुटतो. याच कारणानं जुन्या जांभ्याच्या भिंतीवर थेट अॅक्रिलिक पुट्टी ओढू नये. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी तिथं जास्त टिकते.

जमिनीपासून एक-दोन फूट काळ्या दगडाचं स्कर्टिंग द्या (प्रश्न ५ मधल्या एकाच उंचीच्या नियमाला इथं अपवाद), म्हणजे केरसुणी आणि पोछा जांभ्याला लागत नाही. आणि उघडी भिंत एकच ठेवा. चारही भिंती लाल ठेवल्या की दुपारीही दिवा लावावा लागतो.

७. स्वयंपाकघरात कोटा किंवा शहाबादी घातली तर डाग पडतात का?

पडतात, आणि कारण साधं आहे. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले. लिंबू, चिंच, कोकम, दही, टॉयलेट क्लीनर, कुठल्याही आंबट किंवा आम्लाच्या पदार्थानं त्यांची चमक जाते. तो डाग वरचा नसतो, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळं घासून निघत नाही; पुन्हा पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला ही अडचण नाही. म्हणून ओटा ग्रॅनाइटचा आणि जमीन मॅट कोट्याची ही जुनी जोडी शहाणपणाची आहे. मॅट ठेवलं तर लहानसहान डाग दिसतही नाहीत. टाईल बसवल्यावर ग्राउटचे (सांधे भरायच्या मालाचे) डाग काढायला कामगार आम्ल ओततात. शेजारच्या खोलीत शहाबादी असेल तर ते काम तुमच्यासमोरच करून घ्या.

८. सगळं सागवानात परवडत नाही. लॅमिनेट आणि लाकूड एकत्र चालतं का?

चालतं, पण लॅमिनेटला सागवानाची नक्कल करायला लावू नका. खऱ्या सागवानाच्या चौकटीशेजारी ‘सागवान’ छापलेला सनमायका ठेवला की दोन्ही उघडे पडतात. हाताला लागतं तिथं खरं लाकूड द्या: मुख्य दार, मुठी, कठड्याचा वरचा दांडा, कपाटाच्या कडा. बाकी मोठ्या फळ्यांना साधा, एकरंगी, मॅट लॅमिनेट. फिका राखाडी किंवा मातकट पांढरा. व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) वापरायचं तर एकाच लॉटमधलं, क्रमांक लावलेलं घ्या आणि पॉलिशचा नमुना खऱ्या लाकडावरच्या पॉलिशशेजारी ठेवून पास करा.

प्लायवूड घेताना वर काय आहे त्यापेक्षा आत काय आहे ते बघा. सिंकखाली आणि न्हाणीच्या भिंतीला लागून भारतीय मानक आयएस ७१० चा मरीन प्लाय, बाकी कपाटांना आयएस ३०३. खानापूरच्या पश्चिमेला असाल तर ३०३ मधलाही कमर्शियल न घेता पाणी सोसणारा, बीडब्ल्यूआर प्रकारचाच घ्या.

९. ग्रिल काळी, नळ क्रोमचे, कड्या पितळेच्या. सगळे धातू एकाच रंगाचे हवेत का?

सगळे नकोत, पण नजरेच्या एका टप्प्यात दोनच. ग्रिल, कठडा, खिडकीची फ्रेम काळ्या पावडर कोटिंगमध्ये आणि हाताळायच्या वस्तू पितळी, ही जोडी आपल्या जुन्या घरांच्या जवळची आहे. न्हाणीतलं क्रोम दाराआड असतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

दोन तांत्रिक गोष्टी मात्र पाळा. सागवानात साधा लोखंडी स्क्रू आणि ओल एकत्र आले की काळा डाग उतरतो, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाशी लागतं. तिथं पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. आणि अॅल्युमिनियमची फ्रेम बसवल्यावर गिलावा करायचा असेल तर तिला टेप गुंडाळा. ओलं सिमेंट अॅल्युमिनियम खातं आणि पांढरे चट्टे कायमचे राहतात.

१०. देवघर संगमरवराचंच हवं असा आईचा आग्रह आहे. बाकी घर कोटा आणि लाकडात आहे.

आईचं ऐका, फक्त संगमरवर वापरायची जागा बदला. मागची भिंत आणि देवांचा चौरंग संगमरवरी ठेवा, पण जिथं पंचामृत, हळद, कुंकू आणि तेल सांडतं तो समोरचा पाट काळ्या ग्रॅनाइटचा करा (कारण प्रश्न ७ मध्ये आहे). मग तोच पांढरा संगमरवर आणखी एका जागी येऊ द्या, उदाहरणार्थ हॉलमधल्या कोनाड्याच्या फळीला. तयार मिळणारं कमानी-कळसाचं मंदिर आणून ठेवलं तर ते वेगळ्या घरातून आल्यासारखं वाटणारच. भिंतीतला साधा कोनाडा आणि फणसाची चौकट पुरते.

११. उंबरठा ठेवायचा की जमीन सलग घ्यायची?

मुख्य दाराला ठेवा, आत नको. घरात चाकाची खुर्ची किंवा वॉकर असेल तर मुख्य दारालाही अर्ध्या इंचाहून कमी उंचीचा, दोन्ही कडा उतरत्या केलेला. हळदीकुंकू रोज वाहिलं जातं, त्यामुळं दगड काळा ग्रॅनाइट घ्यावा. प्रश्न ५ मधला पट्टा तुम्ही काळा घेतला असेल तर उंबरठा आपसूक त्याच कुटुंबातला होतो.

१२. दुकानात फरशी, पडदा, लॅमिनेट सगळं जुळत होतं. घरी आणल्यावर रंगच वेगळे दिसायलेत.

दुकानातला उजेड वेगळा. तिथं ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरे दिवे असतात, तुमच्या हॉलमध्ये ३००० चे पिवळसर. लाकूड, जांभा, पितळ यांना २७०० ते ३००० केल्विन मानवतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चालतो. सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) ९० च्या वरचे दिवे घ्या, नाहीतर शिसम आणि अक्रोड सारखेच दिसतात. एका खोलीत दोन तऱ्हेचा उजेड मिसळू नका. नमुने घरी आणा आणि दुपारी, संध्याकाळी आणि दिवा लावून असे तिन्ही वेळा बघा; फरशीचा नमुना आडवा ठेवून, भिंतीचा उभा धरून. पावसाळी ढगाळ दिवसात एकदा बघितलं तर आणखी बरं, इकडं वर्षातले चार महिने तोच उजेड असतो.

१३. निपाणीत आजोबांची तंबाखूची वखार आहे, तिचं घर करायलोय. जुन्या तुळया आणि कौलं ठेवायची आहेत.

ठेवा, पण आधी तुळयांना टोचा. टाचणीसारखं काहीतरी भिंतीत शिरणाऱ्या टोकाजवळ घालून बघा. लाकूड बहुधा तिथंच कुजतं, मधे नाही. कमजोर निघाली तर तीच तुळई कापून पायऱ्या, पाट, जेवणाचं टेबल होतं. नवीन लाकडाला जुन्याचा रंग देऊ नका. जुनं जुनं दिसू द्या आणि नवीन काम लोखंडात किंवा साध्या पांढऱ्या गिलाव्यात ठेवा, म्हणजे कुठलं कधीचं हे स्पष्ट राहतं आणि दोघांत स्पर्धा होत नाही.

मंगळुरी कौलं दोन तऱ्हांनी वापरता येतात. छप्पर उतरतं ठेवलं तर खालून फळ्या आणि वर कौल. स्लॅब घालायचा असेल तर फिलर स्लॅब: स्लॅबच्या खालच्या भागात, सळ्यांच्या मधे कौलं ठेवून काँक्रीट ओतायचं. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. काँक्रीट वाचतं आणि छताला खालून कौलांची नक्षी दिसते. मात्र सळ्यांचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. मेस्त्रीला ‘असंच करतात सगळे’ म्हणू देऊ नका.

जुन्या रंगीत सिमेंटच्या लाद्या निघाल्या तर त्यांना सतरंजीसारखं एकाच चौकोनात, काळ्या पट्टीच्या आत बसवा. पुरत नाहीत म्हणून नवीन छापील टाईल मिसळली तर दोन्हींचं नुकसान होतं.

१४. बैलहोंगलला काळी जमीन आहे. मोठी टाईल घातली की तडकते, दगडाचं कसं?

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर हलते. साहित्याची निवड इथं दुय्यम. आधी फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्या आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करा. त्यानंतर चार फुटी टाईलपेक्षा दोन बाय दोनचा दगड बरा, आणि सांधे बंद न ठेवता सूतभर उघडे ठेवून लवचिक ग्राउट भरलेला. भिंतीपाशी स्कर्टिंगच्या आत थोडी जागा सोडा, म्हणजे फरशी सरकली तरी भिंतीला ढकलत नाही.

१५. टिळकवाडीत तयार फ्लॅट घेतलाय. क्रीम रंगाची टाईल आहे, उकरायची नाही.

मग तीच मुख्य साहित्य धरा आणि बाकी सगळं तिच्याकडं बघून ठरवा. क्रीम टाईलशी थंड राखाडी पटत नाही. मातकट पांढरा, फणसाचं लाकूड, पितळ पटतं. टाईलवर टाईल लावता येते, पण आधी नाण्यानं ठोकून पोकळ आवाजाच्या टाईल काढा, वर योग्य अॅडहेसिव्ह वापरा, आणि जमीन जवळजवळ अर्धा इंच चढणार म्हणून सगळी दारं खालून कापावी लागतील हे धरून चला. बाल्कनीच्या दारात ती चढ उलटी आली तर पाणी आत येतं, तिथं लावू नका.

१६. मेस्त्री कन्नड बोलतो, सुतार हिंदी, आम्ही मराठी. सांगितलेलं एक आणि होतं एक.

सूत सगळ्यांना कळतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. सांध्याचं चित्र खऱ्या मापात, भिंतीवरच, पेन्सिलनं काढून द्या: फरशी, पट्टी, स्कर्टिंग, चौकट कशी भेटते ते. प्रत्येक तऱ्हेचा एक सांधा आधी पूर्ण करून घ्या, पास करा, आणि काम संपेपर्यंत तो पुसू देऊ नका. फॅब्रिकेटर (ग्रिल-कठड्याचं लोखंडकाम करणारा), सुतार आणि फरशीवाला यांना एकदा तरी एकाच वेळी साइटवर बोलवा. तिघंही येत नाहीत म्हणतात. चहा आणि पट्टी वडापाव सांगितला की येतात.

१७. आम्ही दोघं भाऊ. खाली थोरल्याला दगड हवा, वर मला टाईल. जिना एकच आहे. काय करायचं?

आवडीचा प्रश्न सोपा आहे. जिना दोघांचा, म्हणून त्याचं साहित्य दोन्ही मजल्यांवर थोडं थोडं येऊ द्या: पायरीचा काळा दगड खाली खिडकीच्या पाटाला आणि वर बाल्कनीच्या कडेला, कठड्याचं लाकूड दोन्हीकडच्या दारांना. आपापल्या दाराच्या आत ज्याला जे हवं ते.

गोची वेगळीच आहे, ती कुणी विचारत नाही. जिन्याचं काँक्रीट ओततात तेव्हा सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या धरलेल्या असतात, समजा साडेसहा इंच. मग पायऱ्यांवर १८ मिमीचा ग्रॅनाइट लागतो, खाली सोप्यात ४० मिमीची शहाबादी आणि वर १० मिमीची टाईल, शिवाय खालचा माल प्रत्येक जागी वेगळा. सगळ्यात खालची पायरी इंचभर बुटकी होते आणि सगळ्यात वरची कमीजास्त. पाय मधल्या पायऱ्यांच्या सवयीनं पडतो आणि नेमका या दोन ठिकाणी अडखळतो. म्हणून दोन्ही भावांनी आपापली फरशी, तिची जाडी आणि खालच्या थराची जाडी जिन्याचं सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी ठरवून लेखी द्यायची, आणि इंजिनिअरनं तयार जमिनीपासून तयार जमिनीपर्यंतची उंची पायऱ्यांत विभागायची. जिना आधीच ओतून झाला असेल तर वरच्या पायरीसाठी धाकट्यानं वरच्या टाईलखालचा थर कमीजास्त करून घ्यावा. खालच्या पायरीसाठी थोरल्याला २५ मिमीची शहाबादी निवडून घ्यायला सांगावं. ती मिळते, फक्त गाडी उतरताना एकेक फरशी मोजून घ्यावी लागते.